अतिनवताऱ्यांचे अवशेष आणि त्यांतील स्पंदक : प्रस्तावना

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या शेवटी कोसळून फुटतो, तेव्हा त्याच्या मागे सामान्यतः दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे अवकाशात फेकला गेलेला आणि पुढे हजारो वर्षे पसरत राहणारा तप्त वायू. यालाच अतिनवताऱ्याचा, म्हणजे सुपरनोव्हाचा, अवशेष म्हणतात. दुसरी म्हणजे ताऱ्याच्या गाभ्याचा दबून दबून झालेला न्यूट्रॉन तारा. त्याचे वस्तुमान सूर्याहून अधिक असले, तरी व्यास वीस ते चोवीस किलोमीटरच, म्हणजे मालवण आणि कुडाळ यांच्यामधील सरळ रेषेतील अंतराएवढा असतो. हा गोळा स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरतो, त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ तरंगांचे झोत बाहेर पडतात, आणि हे झोत फिरता फिरता पृथ्वीवरून जात असतील तर रेडिओ दुर्बिणीला ठरावीक अंतराने स्पंद मिळू लागतात. अशा न्यूट्रॉन ताऱ्याला स्पंदक किंवा पल्सार हे नाव आहे.

अवशेष आणि स्पंदक एकाच घटनेतून जन्मतात, हे तत्त्व म्हणून सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र ही जोडी एकत्र सापडणे दुर्मीळ आहे. आपल्या आकाशगंगेत आजवर सुमारे तीनशे अवशेषांची आणि तीन हजारांहून अधिक स्पंदकांची नोंद झाली आहे, परंतु ज्यांचे नाते खात्रीने सांगता येईल अशा जोड्या काही डझनांच्या पुढे जात नाहीत. आकाशात एक वस्तू दुसरीच्या जागी दिसली म्हणून ती तिचीच होत नाही, कारण दोघींमध्ये हजारो प्रकाशवर्षांचे अंतर असू शकते. म्हणूनच या विषयाचा खरा गाभा स्फोटाच्या भव्यतेपेक्षा पुराव्याच्या शिस्तीत आहे. नाते मानायचे केव्हा आणि नाकारायचे केव्हा, हा प्रश्न पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

ताऱ्याच्या पोटात काय घडते याचा उलगडा वर्णपटाच्या अभ्यासातून सुरू झाला, आणि त्या इतिहासाचा एक धागा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचतो. देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला, अशी समजूत या भागात रूढ आहे. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रान्सचे ज्यूल जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते; सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा ग्रहण नसतानाही पाहता येतील, हे त्यांना तेथे उमगले. लॉकयर मात्र त्या वर्षी भारतात आलेच नव्हते. त्यांनी त्याच रेषा २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, पाहिल्या, आणि सोडियमच्या रेषांशी न जुळणारी पिवळी रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची असावी असा निष्कर्ष पुढे काढला. हे मूलद्रव्य पृथ्वीवर प्रयोगशाळेत हाती लागले ते १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांच्या. विजयदुर्गाशी लॉकयर यांचा संबंध आहे तो तीस वर्षांनंतरचा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते आपल्या पथकासह विजयदुर्गास आले, ब्रिटिश युद्धनौका मेल्पोमीनीवरील खलाशांना त्यांनी वेधांच्या कामात सामील करून घेतले, आणि सूर्याच्या वर्णावरणाचे वर्णपट लोलक जोडलेल्या कॅमेऱ्यांनी टिपले. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतले. हेलियम ओळखणारा शास्त्रज्ञ याच किल्ल्यावर सूर्याचे वर्णपट घेत उभा होता, ही गोष्ट विजयदुर्गाच्या अभिमानाला पुरेशी आहे. तिला १८६८ ची तारीख चिकटवण्याची आवश्यकता नाही. जागा तीच, माणूसही तोच, पण काळ जुळत नाही, आणि काळ जुळत नसेल तर संबंध मान्य करता येत नाही, हीच कसोटी पुढे अवशेष आणि स्पंदक यांनाही लावावी लागणार आहे.

तारा आयुष्याचा बहुतांश काळ हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करून प्रकाशतो. सूर्यासारखा तारा हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन तयार करण्यापर्यंतच जाऊ शकतो, पण वजनदार ताऱ्याच्या गाभ्यात तापमान आणखी वाढत जाऊन निऑन, सिलिकॉन अशा पायऱ्या ओलांडत शेवटी लोहाचा गाभा तयार होतो. लोहाच्या अणुकेंद्रांचा संयोग घडवून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे गाभ्याचा भार पेलणारी आच संपते आणि केवळ इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तो गाभा तग धरून राहतो. या दाबालाही मर्यादा आहे. ती ज्या गणितातून पुढे आली, ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून निघालेल्या बोटीवर, इंग्लंडच्या प्रवासात, मांडायला सुरुवात केली होती. सूर्याच्या सुमारे १.४ पट ही ती चंद्रशेखर मर्यादा होय. तिच्यापुढे गेलेला गाभा एका सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांत दाबले जाऊन न्यूट्रॉन तयार होतात, आणि ज्या द्रव्याच्या एका घन सेंटीमीटरचे वस्तुमान दहा कोटी टनांच्या पुढे जाते, असे द्रव्य जन्माला येते.

या कोसळण्यातून मुक्त होणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे, द्रव्याशी फारशी क्रिया न करणारे कण घेऊन जातात. उरलेल्या एका टक्क्यातूनच ताऱ्याचे बाहेरील थर उधळले जातात. तरीही ही एक टक्का ऊर्जा सूर्य आपल्या सुमारे दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तिच्या तोडीची असते. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ साली, न्यूट्रॉनचा शोध लागून दोनच वर्षे झालेली असताना, अतिनवतारा म्हणजे सामान्य ताऱ्याचे न्यूट्रॉन ताऱ्यात होणारे संक्रमण आहे, अशी कल्पना मांडली होती. ती तीन दशकांहून अधिक काळ कल्पनाच राहिली, कारण इतक्या लहान वस्तूचा शोध घ्यायचा कसा, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

अवशेषाचा जीवनक्रम त्यामानाने आधी समजला. स्फोटात उधळलेले द्रव्य सुरुवातीला सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर जाते आणि त्याच्या पुढे एक आघात तरंग सरकत राहतो. काही शतकांत वाटेतल्या आंतरतारकीय वायूचा इतका साठा गोळा होतो की विस्तार मंदावू लागतो. आतला वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण देतो, नंतर हजारो वर्षांनी थंड होत जाताना त्यात तंतूंसारख्या प्रकाशमान रेषा दिसू लागतात, आणि लाखभर वर्षांच्या सुमारास सगळा अवशेष भोवतालच्या वायूत मिसळून जातो. रेडिओ दुर्बिणींना हे अवशेष ठळक दिसतात याचे कारण आघात तरंगात वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती सर्पिल मार्गाने फिरताना सिंक्रोट्रॉन प्रारण बाहेर टाकतात, आणि ते कमी कंप्रतेला, म्हणजे मोठ्या तरंगलांबीला, अधिक प्रखर असते. आकारावरून अवशेषांचे तीन प्रकार करतात: कड उजळ आणि मध्य रिता असलेले कवचरूप अवशेष, मध्यभागी उजळ असलेले भरीव अवशेष, आणि दोन्ही लक्षणे एकत्र दाखवणारे मिश्र अवशेष. मध्य उजळ असेल तर आत ऊर्जा पुरवणारे काहीतरी जिवंत आहे असे मानावे लागते, आणि ते काहीतरी म्हणजे बहुधा स्पंदक असतो.

येथे एक भेद आवश्यक आहे. सगळेच अतिनवतारे गाभा कोसळल्याने होत नाहीत. एखादा श्वेत बटू तारा, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा थंडावत चाललेला गाभा, सोबतच्या ताऱ्यामुळे अस्थिर होऊन समूळ जळून जातो, तेव्हा मागे न्यूट्रॉन तारा उरत नाही. टायको ब्राहे यांनी १५७२ साली आणि योहानेस केप्लर यांनी १६०४ साली पाहिलेले अतिनवतारे या प्रकारचे होते, त्यामुळे त्यांच्या अवशेषांत स्पंदक शोधण्यात अर्थ नाही. विश्वातील लोहाचा मोठा वाटा मात्र याच प्रकारच्या स्फोटांतून आला आहे. वेंगुर्ले तालुक्यातील रेडीच्या खाणींतून निघालेले लोहखनिज आणि कोकणच्या जांभ्याला लाल रंग देणारे लोह हे दोन्ही सूर्य जन्मण्यापूर्वीच ताऱ्यांत घडलेले आहे.

अवशेष आणि स्पंदक यांच्या नात्याचा आजही सर्वांत भक्कम दाखला म्हणजे वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिका. ४ जुलै १०५४ रोजी चीनमधील निरीक्षकांनी वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ एक नवा तारा पाहिला; तो २३ दिवस भर दिवसा आणि सुमारे ६५३ दिवस रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसत राहिला. भारतात त्याची नोंद झाली का, याचा शोध जयंत नारळीकर आणि सरोजा भाटे यांनी प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या आधारे घेतला आणि त्याचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध म्हणता येईल असा उल्लेख त्यांना मिळाला नाही. कोकणापुरते पाहिले तर एक कारण उघड दिसते. जुलैच्या आरंभी हा तारा पहाटे पूर्वेला उगवत होता, आणि त्या दिवसांत या किनाऱ्यावर आषाढाचे आभाळ भरलेले असते. पण पावसाळा सरल्यावर हाच तारा आणखी दीड वर्ष दिसत होता, आणि हिवाळ्यात मालवणच्या अक्षांशावरून तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर, खस्वस्तिकापासून अवघ्या पाच अंशांवर येत होता. त्या काळी कल्याणीचे चालुक्य सत्तेवर होते, उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते, आणि अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, पूर्ण झाले. शिलालेख कोरून ठेवणाऱ्या, पंचांग सांभाळणाऱ्या आणि तिथी-नक्षत्रांवर कामे ठरवणाऱ्या समाजाने हा तारा पाहिलाच नसेल हे पटणारे नाही. त्याला ठरलेल्या गणिताबाहेरची घटना म्हणून ग्रंथात जागा मिळाली नसावी, हे अधिक संभवते. तरीही संभव म्हणजे नोंद नव्हे, आणि नारळीकर-भाटे यांनी हा फरक काटेकोरपणे पाळला, हे त्यांच्या कामाचे मोल आहे.

दुर्बिणीतून ही अभ्रिका प्रथम १७३१ साली जॉन बेव्हिस यांना दिसली, आणि धूमकेतूंशी गोंधळ होऊ नये म्हणून शार्ल मेस्ये यांनी केलेल्या यादीत तिला पहिला क्रमांक मिळाला. विसाव्या शतकात काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांवरून ती पसरत असल्याचे दिसले, विस्ताराचा वेग सेकंदाला सुमारे पंधराशे किलोमीटर निघाला, आणि हा विस्तार उलटा मोजत गेल्यावर गणित अकराव्या शतकापाशी येऊन थांबले. चिनी नोंदीशी तिचा संबंध अशा रीतीने काळ आणि जागा या दोन्हींवरून पक्का झाला. एक कोडे मात्र उरले होते. साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेली, नऊशेहून अधिक वर्षांची ही अभ्रिका अजून निळसर प्रकाशाने उजळते. तो प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लवकर गमावतात, म्हणजे त्यांना सतत नवी ऊर्जा मिळत असली पाहिजे. ती कोठून येते, याचे उत्तर स्पंदकांच्या शोधाची वाट पाहत होते.

केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल यांना १९६७ साली रेडिओ नोंदींच्या कागदपट्टीवर दर १.३३७ सेकंदांनी येणारे स्पंद आढळले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये तो शोध जाहीर झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मोलोंग्लो येथे व्हेला म्हणजे गलबताच्या शिडांच्या तारकासमूहातील अवशेषात ८९ मिलिसेकंद आवर्तकालाचा स्पंदक सापडला, आणि अमेरिकेत क्रॅब अभ्रिकेत सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरणारा स्पंदक मिळाला. इतक्या वेगाने फिरूनही न फुटणारी वस्तू श्वेत बटू असूच शकत नाही. ती न्यूट्रॉन ताराच असली पाहिजे. बाडे आणि झ्विकी यांच्या कल्पनेला असा पुरावा चौतीस वर्षांनी मिळाला. क्रॅब स्पंदक दररोज सेकंदाच्या सुमारे ३६ अब्जांश भागाने मंदावतो. हा आकडा नगण्य वाटतो, पण त्या मंदावण्यातून जी फिरण्याची ऊर्जा बाहेर पडते, ती सूर्याच्या तेजस्वितेच्या एक लाखपटीहून अधिक आहे, आणि अभ्रिकेला उजळत ठेवण्यासाठी नेमकी तेवढीच लागते. या हिशेबाने क्रॅबचे कोडे सुटले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरून अवकाशात गेलेल्या उपकरणाने पुढे याच स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण, म्हणजे तरंगांच्या कंपनाची दिशा, स्पंदाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजले, आणि स्पंदांच्या मधल्या, एरवी शांत समजल्या जाणाऱ्या टप्प्यातही ध्रुवण बदलत असल्याचे दाखवले.

क्रॅबचे भाग्य असे की त्याच्याबाबत जागा, काळ आणि ऊर्जा हे तिन्ही हिशेब जुळले. इतरांबाबत प्रत्येक हिशेब वेगळा मांडावा लागतो. अंतरासाठी अपस्करणाचा आधार घेतात: स्पंदाच्या वाटेत आंतरतारकीय इलेक्ट्रॉन जितके अधिक, तितके कमी कंप्रतेचे तरंग उच्च कंप्रतेच्या तरंगांपेक्षा अधिक उशिराने पोहोचतात, आणि या उशिरावरून इलेक्ट्रॉनांचा साठा व त्यावरून अंतराचा अंदाज काढता येतो. वयासाठी स्पंदकाचा आवर्तकाल आणि तो वाढण्याचा दर यांचा उपयोग होतो, पण जन्माच्या वेळी तो आजच्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरत होता, हे गृहीत धरावे लागते. तिसरी कसोटी गतीची आहे. स्फोटात न्यूट्रॉन ताऱ्याला सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाचा धक्का बसतो, तेव्हा त्याची चाल मागे मोजत नेली असता ती अवशेषाच्या केंद्रापाशी पोहोचली पाहिजे.

या कसोट्यांच्या इतिहासात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांचे नाव वारंवार येते. विद्यार्थिदशेत, १९८२ साली, डॉनल्ड बॅकर यांच्या गटात त्यांनी १.५६ मिलिसेकंदांत एक फेरी घेणाऱ्या पहिल्या मिलिसेकंद स्पंदकाच्या शोधात भाग घेतला. पुढे सीटीबी ८० या विचित्र आकाराच्या अवशेषात ३९.५ मिलिसेकंदांचा स्पंदक सापडला, त्या कामातही ते होते. या जोडीची परीक्षा नंतर गतीच्या मोजमापाने झाली: स्पंदक अवशेषाच्या केंद्रापासून दूर चालला आहे आणि त्याच्या चालीवरून येणारे वय सुमारे ६४ हजार वर्षे आहे, असे दिसल्याने नाते अधिक पक्के झाले. दुसरे प्रकरण मात्र उलट्या दिशेने गेले. १९९१ साली डेल फ्रेल आणि कुलकर्णी यांनी जी ५.४-१.२ या अवशेषाच्या कडेबाहेर असलेल्या आणि मागे शेपटीसारखा पट्टा सोडणाऱ्या स्पंदकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेपटी अवशेषाच्या बाजूला वळलेली असल्याने तो केंद्रातून निघून कवच भेदून बाहेर पडला असावा, हे चित्र मनात सहज ठसणारे होते. मंदावण्याच्या दरावरून स्पंदकाचे वय सुमारे १६ हजार वर्षे येत होते, तेव्हा एवढ्या काळात केंद्रापासून तेथवर यायचे तर त्याची चाल आकाशात ठळकपणे मोजता आली पाहिजे होती. २००० साली ब्रायन गेन्सलर आणि फ्रेल यांनी काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या रेडिओ प्रतिमा ताडून पाहिल्या. अपेक्षित सरक दिसलीच नाही. तेव्हा एक तर स्पंदकाचे वय अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त आहे, नाही तर त्याचे त्या अवशेषाशी नातेच नाही. पहिल्या अभ्यासातील एक संशोधक दुसऱ्या अभ्यासातही होता, आणि आपल्याच चित्राला छेद देणारे मोजमाप त्याने स्वतः मांडले, ही बाब या क्षेत्राच्या सचोटीविषयी पुष्कळ काही सांगते.

महाराष्ट्राच्या भूमीवरून या विषयात पडलेली सर्वांत मोलाची भर पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथून आली आहे. गोविंद स्वरूप यांनी १९६५ च्या सुमारास कल्याणला बत्तीस लहान तबकड्यांची दुर्बीण उभारून सुरू केलेला प्रवास १९७० साली उटीच्या ५३० मीटर लांब दुर्बिणीपर्यंत आणि १९९० च्या दशकात खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीपर्यंत, म्हणजे जीएमआरटीपर्यंत, पोहोचला. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये पसरलेल्या तीस तबकड्यांपैकी चौदा सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात दाटीने आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत, आणि सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. जवळून पाहिल्यास तिचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीचा असल्याचे दिसते. ही जाळी दोरांच्या ताणावर पसरलेली आहे. मीटरभर लांबीच्या तरंगांना ही जाळी आरशासारखी परतवते आणि वाऱ्याला मात्र आरपार जाऊ देते, म्हणून एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर आणि कमी खर्चात उभी राहिली. गोविंद स्वरूप यांच्या या युक्तीमुळे जगातील अग्रगण्य मीटरतरंग दुर्बीण उभारणे भारतासारख्या देशाला परवडले.

या दुर्बिणीने सोडवलेले प्रकरण म्हणजे ढाल या लहानशा तारकासमूहातील जी २१.५-०.९ हा अवशेष. १९७० च्या दशकापासून तो भरीव अवशेष म्हणून माहीत होता आणि क्ष-किरण दुर्बिणींची पारख करण्यासाठीही वापरला जात होता, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते असे म्हणता येत नाही. मध्यभागी ऊर्जेचा स्रोत असल्याची सर्व लक्षणे त्यात होती, पण स्पंद हाती लागत नव्हते. क्ष-किरणांतही ते सापडले नव्हते. यशवंत गुप्ता, दीपांजन मित्रा, डेव्हिड ग्रीन आणि ए. आचार्य यांनी खोडदच्या दुर्बिणीने शोध घेऊन २००५ साली ६१.९ मिलिसेकंदांचा स्पंदक जाहीर केला, आणि तो शोधनिबंध बंगळूरच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात आला. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या साहाय्याने काम करणाऱ्या फर्नांडो कामिलो यांच्या गटालाही तोच स्पंदक स्वतंत्रपणे मिळाला. अनेक तबकड्यांचे संकेत टप्पा जुळवून एकत्र केले की दुर्बिणीची नजर अतिशय अरुंद होते, आणि आकाशगंगेच्या प्रतलातील भोवतालचा रेडिओ गोंधळ मोठ्या प्रमाणात बाहेर राहतो. अशा क्षीण स्पंदकाच्या शोधात खोडदच्या रचनेचा हा गुण उपयोगी पडतो. अपस्करण किती मोठे होते, हे एका हिशेबाने लक्षात येते: या स्पंदकाचा ६१० मेगाहर्ट्झवरील स्पंद १४०० मेगाहर्ट्झवरील त्याच स्पंदापेक्षा जवळजवळ दीड सेकंद उशिराने पृथ्वीवर पोहोचतो, आणि तेवढ्या वेळात स्पंदकाच्या सुमारे पंचवीस फेऱ्या होऊन जातात. हा उशीर योग्य तेवढा वजा केला नाही, तर स्पंद एकमेकांत मिसळून सपाट होतात आणि काहीच दिसत नाही.

शोध लागला तेव्हा आकाशगंगेतील ज्ञात स्पंदकांत क्रॅबनंतर ऊर्जेच्या उत्सर्जनात याचाच क्रमांक होता. मंदावण्यातून तो सूर्याच्या आठ-नऊ हजारपट ऊर्जा बाहेर टाकतो. येथवर ऊर्जेचा हिशेब जुळला. वयाच्या हिशेबाने मात्र नवा प्रश्न उभा केला. मंदावण्याच्या दरावरून स्पंदकाचे वय सुमारे ४८०० वर्षे येते, तर मायकेल बिटनहोल्झ आणि नॉर्बर्ट बार्टेल यांनी सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या रेडिओ प्रतिमांवरून अभ्रिकेचा विस्तार मोजला, तेव्हा तिचे वय सुमारे ८७० वर्षे निघाले. दोन्ही आकडे एकाच कुटुंबातील दोन सदस्यांचे असतील, तर एवढी तफावत कशी? जी ५.४-१.२ च्या बाबतीत अशीच तफावत नात्यावर शंका घ्यायला पुरेशी ठरली होती. येथे मात्र स्पंदक अभ्रिकेच्या मध्यभागी आहे, अभ्रिकेला लागणारी ऊर्जा तोच पुरवतो, आणि त्याच्या वयाचा आकडा तो जन्मतःच फार वेगाने फिरत होता या गृहीतकावर आधारलेला आहे. ते गृहीतक सोडून दिले, आणि हा स्पंदक जन्मतःच आजच्या वेगाच्या जवळपास, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांच्या फेरीने फिरू लागला असे मानले, तर तफावत नाहीशी होते. नाते टिकते आणि त्या बदल्यात ताऱ्याचा गाभा कोसळताना नव्या न्यूट्रॉन ताऱ्याला किती फिरकी मिळते, याबद्दलचे एक मौल्यवान मोजमाप हाती येते. अवशेष आणि स्पंदक यांची जोडी जुळवण्याचा खटाटोप का करायचा, याचे याहून चांगले उत्तर देता येणार नाही: एकटा स्पंदक आपला जन्मवेग सांगू शकत नाही, एकटा अवशेष आत काय उरले हे सांगू शकत नाही, आणि दोघे मिळून मात्र स्फोटाच्या त्या पहिल्या क्षणांविषयी बोलू लागतात.

मग बहुतेक अवशेषांत स्पंदक का दिसत नाहीत? काही अवशेष श्वेत बटूच्या स्फोटाचे असतात, काहींत गाभा कृष्णविवर झालेला असू शकतो, काही स्पंदकांचे झोत पृथ्वीच्या दिशेने वळतच नाहीत, आणि काहींचे स्पंद वाटेतील वायूत विखुरले जाऊन पुसट होतात. कमी कंप्रतेला हे विखुरणे झपाट्याने वाढत असल्याने खोडदसारख्या दुर्बिणीला स्पंद प्रखर मिळण्याचा लाभ आणि ते पसरट होण्याचा तोटा, दोन्ही एकदम पत्करावे लागतात. शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए हा साडेतीनशे वर्षांच्या आसपास वयाचा अवशेष आकाशातील सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक आहे, आणि त्याच्या मध्याशी १९९९ साली चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीला एक ठिपका दिसला. तो न्यूट्रॉन ताराच मानला जातो, तरी त्याचे रेडिओ स्पंद कोणालाही मिळालेले नाहीत. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलन मेघात दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या, त्याच दिवशी पृथ्वीवर पोहोचलेल्या न्यूट्रिनोंनी तेथे गाभा कोसळल्याचे सिद्ध केले होते, पण मध्यभागी न्यूट्रॉन तारा असल्याचे भरवशाचे पुरावे जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटांतून २०२४ साली पुढे आले, आणि त्याचेही स्पंद अद्याप मिळायचे आहेत. हा अतिनवतारा मालवणहून क्षितिजाच्या वर जेमतेम साडेचार अंश येतो आणि खोडदच्या तबकड्या तेवढ्या खाली वळू शकत नाहीत, त्यामुळे तेथील शोध दक्षिण गोलार्धातील दुर्बिणींकडेच राहील. खोडदच्या आवाक्यात येणारा आकाशगंगेच्या प्रतलाचा पट्टा मात्र मोठा आहे. २०१० च्या दशकात झालेल्या नूतनीकरणानंतर ती दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पल्ल्यात जवळजवळ सलग पाहू शकते, आणि म्हणून एकाच अवशेषातील शोध विखुरण्याचा त्रास कमी असलेल्या वरच्या कंप्रतांपासून, स्पंद प्रखर असलेल्या खालच्या कंप्रतांपर्यंत नेता येतो. मध्यभागी उजळ असूनही ज्यांतील स्पंदक अजून सापडलेला नाही, असे अवशेष या शोधासाठी सर्वांत आधी निवडण्याजोगे आहेत.